उघडून द्यायचा, मिटून घ्यायचा

"चाकू हाय काय ओ तुमच्याकडं?" हा प्रश्न मला दिवसातून दोन-तीनदा तरी ऐकू येतो. कुणाला पोत्याची सुतळी कापायची असते, कुणाला खताच्या पिशवीचं तोंड उघडायचं असतं, कुणाच्या वासराच्या पायात दावं गुंतलेलं असतं. बेळगावच्या पश्चिमेला, राकसकोप धरणाच्या बाजूला आमचं गाव. तांबडी माती, पावसाळ्यात भात आणि रताळी, बांधाला काजू, आंबा, फणस. कोयता, विळा, खुरपं इथं घरोघरी आहे, पण ती शेतात न्यायची हत्यारं. अंगावर चाकू बाळगणारा माणूस एका गल्लीत एखादाच असतो. आमच्या गल्लीत तो मी.

तीस वर्षांहून जास्त काळ माझ्या खिशात एकच चाकू होता. गावच्या लोहाराने केलेला. पातं ट्रकच्या जुन्या कमानपाट्याचं, मूठ म्हशीच्या शिंगाची. आत कमानी, म्हणजे स्प्रिंग, नाही, पातं नुसतं एका खिळ्यावर फिरतं आणि खिळ्याच्या आवळपणावरच उघडं राहतं. लोहार गेले, भाता बंद झाला, त्यांची मुलं बेळगावच्या उद्यमबागेत फौंड्रीला लागली. चाकू मात्र टिकला. माझ्या हाताला त्याची इतकी सवय होती की तो कसा धरायचा याचा मी कधी विचारच केला नव्हता.

गेल्या वर्षी माघात गल्लीतल्या एक मावशी गेल्या. तिरडी बांधायचं काम चाललं होतं. बांबू झाले, आडव्या कामट्या झाल्या, आणि एका जागी सुंभाची गाठ चुकीची बसली. बांधणाऱ्या पोराने हात पुढे केला, मी चाकू दिला. त्याने सुंभ कापायच्या ऐवजी गाठ सैल करायला पात्याचं टोक गाठीत खुपसलं आणि जोर दिला. कमानी नसलेल्या चाकूला टोकाकडून असा दाब आला की पातं मिटतं. ते मिटलं, थेट त्याच्या तर्जनीवर. रक्त नव्या पांढऱ्या कापडावर पडलं. मावशींच्या थोरल्या दिरांनी मुकाट्याने ते कापड बाजूला केलं आणि दुसरं मागवलं. कुणी मला काही बोललं नाही. पोराला चार टाके पडले.

त्या रात्री मला झोप लागली नाही. तो चाकू फक्त माझ्या हाताला ओळखत होता आणि मी मात्र तो तीस वर्षं गावभर देत होतो. त्याचा खिळा आवळून घ्यावा म्हणून मी उद्यमबागेत ओळखीच्या एका फिटरकडे गेलो. त्याने ऐरणीवर ठेवून खिळ्याचं डोकं ठोकून पसरवलं. आठ दिवस पातं छान घट्ट राहिलं, मग पुन्हा सैल. शिंगच आतून झिजलं होतं, त्याला काय करणार? मी तो चाकू पुसून, तेल लावून देवळीत ठेवून दिला.

घरात आणखी तीन चाकू होते. लेकीने पुण्याहून आणलेला लाल स्विस चाकू, पुतण्याने दिलेला फ्रेंच बनावटीचा ओपिनेल, आणि बाबा गेल्यावर त्यांच्या ट्रंकेत सापडलेला आज्जाचा पलटणीतला चाकू. तीनही जुन्या घडणीचे, खिशात मावणारे, मिटवायचे. मी ठरवलं की एकेक वापरून बघायचा आणि एकाच गोष्टीकडे लक्ष द्यायचं. माझ्या हातात तो कसा चालतो यापेक्षा दुसऱ्याच्या हातात दिल्यावर तो कसा वागतो.

पहिल्यांदा लाल चाकू घेतला. ही व्हिक्टोरिनॉक्स कंपनी १८८४ साली कार्ल एल्सेनर या कारागिराने स्वित्झर्लंडमध्ये सुरू केली, आणि आज जगभर दिसणारा हा चाकू १८९७ सालच्या त्यांच्याच अधिकारी-चाकूचा वंशज. माझ्याकडचा मिटवल्यावर ९१ मिलिमीटर, म्हणजे मधल्या बोटाहून थोडा लांब. दोन पाती, डबा उघडायची आकडी, आरी, छोटी कात्री. याला कमानी आहे. पातं उघडताना थोडं अडतं आणि शेवटी टक् करून बसतं, मिटतानाही तसंच. कुलूप नाही, पण कमानीचा जोर पुरेसा आहे. ज्याला दिला त्याने तो विचारल्याशिवाय उघडला. बायकांनी कात्री वापरली, पोरांनी आरीने चपलेला भोक पाडलं.

चैत्र-वैशाखात लग्नांसाठी इकडं-तिकडं जाणं खूप होतं. निपाणीकडे जाताना एका तपासणी नाक्यावर निवडणुकीच्या काळात गाडी थांबवली. पोलिसाने पिशवी बघितली, मग खिसा चाचपला. "एन्री इद?" म्हणजे हे काय आहे. मी चाकू तळहातावर मिटलेलाच धरला आणि पिशवीतले पायरी आंबे दाखवले. "हण्ण कोय्याक्री," फळं कापायला. त्याने उलटसुलट करून बघितला आणि परत दिला. शिंगाच्या मुठीचा काळा चाकू असता तर इतक्यात सुटलो असतो का, हा विचार पुढं कोल्हापूरपर्यंत डोक्यात राहिला. शस्त्र कायद्याच्या नियमांत ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याची हत्यारं परवान्यात येतात, आणि घरकामासाठी किंवा शेतीसाठी केलेली त्यातून वगळलेली आहेत. आमचे खिशातले चाकू त्या मापाच्या जवळपासही जात नाहीत. पण रस्त्यावर उभ्या माणसाला आधी दिसतं ते पात्याचं रूप आणि ते उघडायची पद्धत. एसटीत बसून आंबा कापायला मी एकदा शिंगाचा चाकू झटक्यात उघडला होता, तेव्हा शेजारची बाई पोराला घेऊन उठून पुढं गेली होती. रामपुरीचं नाव आपल्याकडं कुणाला माहीत नाही? उघडताना खटका वाजला की माणसाच्या मनात तेच येतं. तेव्हापासून चारचौघांत चाकू सावकाश, दोन्ही हातांनी उघडायचा हे मी पाळतो. आणि सांबऱ्याला कुणाला विमानावर सोडायला जायचं असेल तर तो घरीच ठेवतो. हातातल्या सामानात चाकू चालत नाही, आणि दारात तो काढून कुणाकडं द्यायचा?

शहरात लाल चाकूसारखा दुसरा नाही. शेतात मात्र तो मला पुरला नाही. वळवाच्या पावसानंतर आमची माती चिकट होते, आणि ती माती त्या बारीक फटींत शिरली की कात्री उघडत नाही, आरी उघडली की तिच्याबरोबर चिखलाचा गोळा येतो. मूठ गुळगुळीत, ओल्या हातात फिरते. धुऊन, काडीने कोरून, वाळवून मी तो आठवडाभर चालवला. मग लेकीने दिलेली वस्तू चिखलात घालवायची मला इच्छा होईना.

ओपिनेलविषयी मला जरा जास्त लिहायचं आहे, कारण इतकं सुंदर कापणारं पातं मी आयुष्यात हातात धरलं नव्हतं. फ्रान्सच्या सावोय या डोंगराळ भागात जोसेफ ओपिनेल यांनी तो १८९० साली बनवला. तिथल्या शेतकऱ्यांचा, गुराख्यांचा तो चाकू. बीच नावाच्या झाडाची गोल मूठ, एक पातं, एक खिळा, आणि गळ्याशी एक लोखंडी कडं. हे कडं १९५५ साली आलं. पातं उघडून कडं फिरवलं की ते मिटत नाही. आकारांना नंबर आहेत. माझा ८ नंबरचा, पातं साडेआठ सेंटिमीटर. पुतण्याने मुद्दाम गंजणाऱ्या पोलादाचा आणला होता. "काका, स्टीलपेक्षा याला धार लवकर लागते," म्हणाला. आणि खरंच तसं होतं. कुरुंदाच्या दगडावर पाच-सात हात, मग जुन्या कातडी पट्ट्यावर दहा, की पेपरची पट्टी वरून सोडली तर पात्यावर पडून दोन तुकडे होत.

वैशाखात रायवळ आंब्याचा सडा पडलेला असतो. त्या पात्याने कैरीचे इतके पातळ काप पडत की आमच्या मंडळींनी लोणच्याची विळी बाजूला ठेवली. पहिल्या दिवशी पातं चकचकीत होतं, चौथ्या दिवशी निळसर, आठव्या दिवशी करडं-काळं. कैरीतल्या आंबटाने आणि तुरटाने लोखंडाचं असंच होतं. पूर्वी हिरडा आणि हिराकस एकत्र करून शाई करत, तीच ही क्रिया. पुतण्याला वाटलं चाकू खराब झाला. मी त्याला सांगितलं की तांबूस चढतो तो गंज, हा काळा थर पात्याला उलट राखतो. काजूची बोंडं, कच्ची केळी, फणस, सगळ्यांनी त्यावर आपापला रंग चढवला. फणसाआधी मात्र पात्याला खोबरेल चोळायला विसरू नये. चीक एकदा वाळून बसला की तो निघेपर्यंत धारही जाते.

आणि मग पाऊस लागला. रताळ्याची लावण वेलीच्या तुकड्यांनी होते. भर पावसात वेल तोडायची, हातभर तुकडे करायचे, वरंब्यात दाबायचे. वेलीच्या पांढऱ्या चिकाने बोटं आणि पातं दोन्ही काळी होतात, त्याचं काही नाही. अडलं ते लाकडाचं. तिसऱ्या दिवशी मूठ पाण्याने फुगली आणि पातं आत आवळलं गेलं. नखाने उघडेना. पुतण्याने फोनवर युक्ती सांगितली की मुठीचा मागचा भाग दगडावर आपट, पातं बाहेर येईल. आलं. पाचव्या दिवशी आपटूनही येईना. मी ती मूठ वाळवून तीनदा जवसाच्या तेलात भिजवली. फरक पडला, पण आमच्याकडचा आषाढ त्या तेलापेक्षा मोठा आहे.

पण मी तो बाजूला ठेवला त्याचं कारण पाऊस नव्हे, ते कडं. शेजारच्या वहिनींनी खताची पोती उघडायला चाकू मागितला. मी उघडून, कडं फिरवून दिला. पोती फोडून झाल्यावर त्यांनी तो मिटवायचा म्हणून मांडीवर ठेवून पात्याच्या पाठीवर तळहाताने जोर दिला. कडं लावलेलं, पातं हलेना. त्यांनी आणखी जोर दिला. मी ओरडलो म्हणून त्या थांबल्या. दुसऱ्या एकाने कडं सोडलं आणि पातं अर्धवट उघडं असतानाच चाकू माझ्या हातात ठेवला. ते समजावून सांगायला एक मिनिट पुरतं हे मला माहीत आहे. पण चाकू मागणाऱ्याला घाई असते. त्याचा एक हात दोरीवर असतो, वरून पाऊस पडत असतो, आणि तो मी सांगितलेलं ऐकत नसतो.

ओपिनेल आता आमच्या स्वयंपाकघरात आहे. मंडळी तो कुणाला हात लावू देत नाहीत.

राहिला आज्जाचा चाकू. आज्जा मराठा लाईट इन्फंट्रीत होते, दुसऱ्या महायुद्धात पलटणीबरोबर इटलीत गेले. त्या मोहिमेत यशवंत घाडगे यांना १९४४ साली आणि नामदेव जाधव यांना १९४५ साली व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, ती नावं आज्जा आम्हा पोरांकडून पाठ करून घेत. बेळगावच्या कॅम्पात पलटणीचा बँड वाजायला लागला की ते चालता चालता थांबत. चाकूविषयी मात्र ते कधी काही बोलल्याचं मला आठवत नाही.

काळी, चौकड्या कोरलेली मूठ. एका बाजूला रुंद पातं, डबा उघडायची आकडी, आणि पाठीच्या बाजूला जाड दाभण, दोरखंडाच्या पिळात घालून गाठी सोडवायचं. एका टोकाला लोखंडी कडी. पात्याच्या बुडाशी बाणाची खूण आणि शेफिल्डचं नाव. पात्याला टोक नाही. धार सरळ आहे आणि पाठ पुढं उतरत येऊन तिला मिळते. हे बघितल्यावर मला तिरडीजवळचा तो पोरगा आठवला. असं पातं गाठीत खुपसायचं कुणाच्या मनातच येणार नाही, आणि गाठीसाठी दाभण शेजारीच आहे.

पातं उघडेना. माझं नख तुटलं. चाळीस वर्षांचं तेल आत वाळून राळ झालं होतं. रॉकेल आता मिळत नाही, म्हणून ट्रॅक्टरच्या डिझेलमध्ये दोन दिवस बुडवून ठेवला, सांध्यातला काळा चोथा काडीने काढला, राखेने आणि काथ्याने पातं घासलं. मग शिलाई मशीनचं तेल. सांध्यात खोबरेल घालणारे पुष्कळ आहेत, पण मार्गशीर्ष-पौषात आमच्याकडं खोबरेल बाटलीत थिजतं, चाकूत थिजणार नाही का? शिवाय ते जुनं झालं की चिकटतं. आज्जाच्या चाकूत तेच झालं असावं. सफाईनंतर पातं उघडलं, पण कमानी अजूनही इतकी कडक की माझ्यासारख्याला अंगठा रोवावा लागतो. उघडलं की ते जाग्यावर बसल्याचा आवाज ओसरीपासून परसापर्यंत जातो.

मग खिशाचा प्रश्न आला. वजन एवढं की तिसऱ्या दिवशी लेंग्याचा खिसा शिवणीतून सुटला. दुसऱ्या लेंग्याचा पंधरा दिवसांत. मंडळींनी खिसा शिवता शिवता मला स्पष्ट सांगितलं की हा चाकू रोजचा नाही. मीही जवळजवळ तिथंच आलो होतो. आई पलंगावर बसून ऐकत होती. ती आता चौऱ्याऐंशीची आहे. म्हणाली, "मामंजी त्यो खिशात कवा घालायचे? कमरंला दोरीत असायचा. कडी कशाला हाय त्याला?"

ती कडी मी दोन आठवडे बघत होतो आणि ती कशासाठी आहे हे मला सुचलं नव्हतं. मी सुती दोरीचा हातभर तुकडा घेतला, एक टोक कडीत, दुसरं कमरेच्या पट्ट्यात. चाकू डाव्या बाजूला सदऱ्याखाली लोंबतो, वाकलं तरी मध्ये येत नाही, चिखलात पडत नाही, आणि कुणाला दिला तर त्याच्याकडं विसरून राहत नाही, कारण दोरी मोकळी दिसली की मलाच आठवतं. आज्जाचं चालणं आठवायचा मी खूप प्रयत्न केला. सदऱ्याच्या खाली डाव्या बाजूला काहीतरी हलायचं, एवढं आठवतं.

भाद्रपदापासून तो माझ्या कमरेला आहे. कमानीचा कडकपणा हा दोष आहे असं मी आधी धरलं होतं. तो इतरांना उघडत नाही, म्हणून आता तो मीच उघडतो. उघडल्यावर कुणी कसाही जोर दिला तरी सहजी मिटत नाही. आणि मिटवताही येत नाही, म्हणून काम झाल्यावर तो माझ्याकडंच परत येतो. शेजारच्या वहिनींनीही तो दोनदा मिटवायचा प्रयत्न केला, मग खाली ठेवून मला हाक मारली. पात्याला टोक नाही, म्हणून बघून कुणी दचकत नाही. एका शाळकरी पोराने विचारलं, "हे तुटलंय काय ओ?"

पात्याला धार लावणंही सोपं. सरळ धार सपाट दगडावर सरळच फिरते, कुठं मनगट वळवावं लागत नाही. मात्र आज्जांनी आणि नंतर बाबांनी लावून लावून पातं मधोमध थोडं खोलगट झालं आहे. मी ते सपाट करायला गेलो नाही. तेवढं पोलाद उगाच घालवायचं कशाला? कलमं बांधायला तो अजिबात उपयोगाचा नाही. काजूच्या मृदकाष्ठ, म्हणजे कोवळ्या लाकडावर बांधायच्या, कलमाला एका बाजूने धार असलेलं पातळ पातं लागतं, आणि ते पातं दुसरं काहीही न कापता डब्यातच राहायला हवं. एकाच चाकूने कलमही आणि सुतळीही करणाऱ्यांची कलमं मी मरताना पाहिली आहेत.

खंडेनवमीला नांगराचा फाळ, कोयते, विळे, खुरपी यांच्या ओळीत चारही चाकू मांडले. लोहाराचाही. हळदकुंकू, झेंडू. त्या दिवशी हत्यार वापरायचं नाही, तरी सकाळपासून तिघांनी चाकू मागितला आणि तिघेही ओळ बघून "राहू दे, उद्या" म्हणून परत गेले.

दसऱ्यानंतर चार दिवसांनी रताळी काढायला घेतली. नात सुट्टीला आली होती, दहा वर्षांची. काढलेल्या रताळ्यांचे देठ-मुळं कापून टोपलीत भरायचं काम तिने मागून घेतलं. "आबा, चाकू द्या की." मी दोरी सोडली, अंगठा रोवून पातं उघडलं. माझी आजी म्हणायची की धारेची वस्तू हातात देऊ नये, खाली ठेवावी आणि घेणाऱ्याने उचलावी. मी तो बांधावर ठेवला, मूठ तिच्याकडं करून. तिने उचलला. दहा-बारा रताळी झाल्यावर तिने मान वर करून विचारलं की हे काळं काय लागलंय, मी सांगितलं रताळ्याचा चीक. टोपली भरली. तिने पातं मिटवायला दोन्ही हात लावले, ते हललं नाही. मग तिने तो बांधावर ठेवला, मूठ माझ्याकडं करून.